गाडी घेण्याआधी वही घ्या: इलेक्ट्रिक, हायब्रिड, पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

२०२२ च्या दिवाळीत आम्ही दीड वर्ष वापरलेली डिझेल गाडी घेतली. विचार एवढाच केला होता की डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त आणि अ‍ॅव्हरेजही जास्त. घर इंदूरच्या लोकमान्य नगरात, माझी हिशेबाची नोकरी सियागंजातल्या पेढीत. जाऊन-येऊन बारा किलोमीटरसुद्धा होत नाहीत. आठव्या महिन्यात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. वर्कशॉपमध्ये साफसफाई करून घेतली. दोन महिन्यांनी दिवा पुन्हा लागला. तिसऱ्या खेपेला तिथला म्हातारा मिस्त्री बिल लिहिता लिहिता म्हणाला, “दीदी, खराबी गाडी में नहीं है, आपके रास्ते में है.”

मी दिवसभर दुसऱ्यांच्या वह्या तपासते आणि स्वतःच्या गाडीचा हिशेब मांडला नव्हता. त्यानंतर मात्र घरात, नात्यात कोणी गाडीचं नाव काढलं की आधी वही उघडायची हा नियम झाला. गेल्या तीन वर्षांत चार घरांसाठी हा हिशेब मांडला आणि चारही ठिकाणी उत्तर वेगळं आलं. तो कसा मांडायचा, ते इथे क्रमाने देते. आकडे इंदूरचे आहेत. तुमच्या गावचे भाव घालून ते बदलून घ्या, रीत तीच राहते.

पहिली पायरी: महिनाभर किलोमीटर लिहा

शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी तीस दिवस मीटरचं रीडिंग लिहून काढा. घरात गाडी नसेल तर स्कूटर, रिक्षा, कॅब जे काही वापरता त्याचं अंतर लिहा. रकाने तीन करा. पहिल्यात रोजची ठरलेली ये-जा, दुसऱ्यात शहरातली फुटकळ फेरी (राजवाड्याला खरेदी, मुलांचे क्लास, डॉक्टर), तिसऱ्यात गावाबाहेरचा प्रवास. तिसरा रकाना वर्षाचा हवा. उज्जैनला किती वेळा गेलात, ओंकारेश्वरला किती, पुण्या-नाशकाकडे किती, हे आठवून लिहा.

माणसं आपलं अंतर फार चुकीचं सांगतात. रामबागेत राहणारे माझे काका ठामपणे म्हणत होते, “महिन्याला हजार किलोमीटर सहज होतात.” वहीत निघाले ३१०. उलट राजेंद्र नगरातला आत्येभाऊ म्हणायचा की पीथमपूर काय, हे इथेच तर आहे. त्याचे निघाले १,४००.

आणखी एक गोष्ट टिपा: एका फेरीत गाडी सलग किती मिनिटं चालते. हा आकडा कोणी विचारत नाही, पण डिझेल घ्यायचं की नाही ते त्यावरच ठरतं. पुढे येईलच.

दुसरी पायरी: रात्री गाडी कुठे असते?

माझ्या मते अर्धा निर्णय इथेच लागतो. रामबाग, नारायण बाग, कृष्णपुरा या जुन्या भागांत वाडे आहेत, माणसं आहेत, पण गाडी लावायला स्वतःची जागा नाही. काकांची गाडी घरापासून शंभर पावलांवर, जिथे सापडेल तिथे लागते. पहिल्या मजल्यावरून वायर सोडून रस्त्यावरची गाडी चार्ज करणं हा उद्योग कोणी करू नये. अशा घरासाठी इलेक्ट्रिकचा विषय बहुतेक तिथेच संपतो. अपवाद एकच, नोकरीच्या ठिकाणी भरवशाचं चार्जिंग मिळत असेल तर.

निपानिया, महालक्ष्मी नगराकडच्या मल्टीत (बहुमजली इमारतीत) राहणाऱ्यांचं वेगळं. पार्किंग आहे, पण सोसायटीची परवानगी लागते, आणि आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर ओढायची तर पाच-सहा मजल्यांची केबल लागते. गाडी बुक करण्याआधी ही परवानगी लेखी घ्या. “हो हो, बघू” याला परवानगी समजू नका. माझ्या नणंदेच्या सोसायटीत अध्यक्ष बदलले आणि “बघू”चं “नाही” झालं.

स्वतःचं घर, फाटकाच्या आत गाडी, असं असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन गोष्टी तपासा. घराचा मंजूर भार किती आहे ते बिलावर छापलेलं असतं. जुन्या घरांत तो दोन-तीन किलोवॉटच असतो आणि गाडीसोबत येणारा साधा चार्जर एकटाच सुमारे ३.३ किलोवॉट ओढतो. तेव्हा वीज कंपनीच्या झोन कार्यालयात भार वाढवण्याचा अर्ज करावा लागेल. दुसरी गोष्ट अर्थिंग. ते नीट नसेल तर पुष्कळ गाड्या चार्जच व्हायला नकार देतात, आणि ते बरंच आहे. तिसरी गोष्ट, मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, तिला वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी (जास्त भार आला किंवा वीज गळली की आपोआप बंद होणारे स्विच), आणि शेवटी १६ अँपिअरचा चांगला सॉकेट. गीझर तासभर चालतो. गाडी आठ-दहा तास सलग तेवढीच वीज ओढते. एक्स्टेंशन बोर्ड लावाल तर वितळेल.

तिसरी पायरी: किलोमीटरला किती पडतं?

मध्य प्रदेशात पेट्रोलवरचा कर देशातल्या जास्त करांपैकी एक आहे. गुजरातेत पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांहून अधिक स्वस्त असल्याने दाहोदकडे गेलेला इंदूरकर टाकी फुल करूनच परत येतो. म्हणून पुण्या-बडोद्याच्या नातेवाइकांनी काढलेला हिशेब जसाच्या तसा आपल्याला लागू पडत नाही.

मी पेट्रोल १०७, डिझेल ९२, सीएनजी ९५ रुपये किलो आणि घरची वीज सगळे आकार धरून ८ रुपये युनिट धरते. गाडी लहान एसयूव्हीच्या आकाराची. अ‍ॅव्हरेज कॅटलॉगमधलं न धरता शहरात एसी लावून मिळतं ते धरलं आहे:

पेट्रोल, लिटरला १५ किलोमीटर: ७ रुपये १३ पैसे
डिझेल, लिटरला १७: ५ रुपये ४१ पैसे
स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्हींवर चालणारी), लिटरला २१: ५ रुपये १० पैसे
सीएनजी, किलोला २२: ४ रुपये ३२ पैसे
इलेक्ट्रिक, घरी चार्ज करून, युनिटला ६: १ रुपया ३३ पैसे

इलेक्ट्रिकचा आकडा सहाच का, असं कोणी विचारेल, कारण गाडीचा स्क्रीन सात दाखवतो. स्क्रीन बॅटरीतून गेलेली वीज मोजतो, आपलं बिल मीटरमधून गेलेल्या विजेचं येतं. चार्ज होताना दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते. शिवाय बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटचा दर साधारण १८ ते २५ रुपये पडतो. सगळं चार्जिंग बाहेरच करायचं तर किलोमीटरला साडेतीन-चार रुपये होतात, म्हणजे जवळजवळ सीएनजीच. घरी चार्जिंगची सोय नसणाऱ्याने ‘इलेक्ट्रिक रुपयात चालते’ हे वाक्य कानाआड करावं.

आता आपल्या राज्यातला एक बारकावा. हा मला शेजारणीचं बिल पाहताना सापडला. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिले १०० युनिट शंभर रुपयांत मिळतात. तिचं बिल १३० युनिटांचं. महिन्याला ३०० किलोमीटर गाडी चालवायची म्हणजे ५० युनिट वाढणार, एकूण १८०. मर्यादा ओलांडली की सवलत पूर्ण जाते, म्हणजे पाचशे-साडेपाचशेचा फटका. गाडीच्या ५० युनिटांचे ४०० रुपये अधिक हे ५५०, एकूण साडेनऊशे. ३०० किलोमीटरला भागा: तीन रुपयांच्या वर. ज्यांचं बिल आधीच १५० च्या पलीकडे आहे त्यांना हा प्रश्न नाही. पण कमी वीज वापरणाऱ्या, कमी फिरणाऱ्या घराने इलेक्ट्रिक घेण्याआधी जुनी बारा बिलं समोर ठेवावीत.

छतावर सोलर असेल तर सगळं चित्रच पालटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉटच्या संचाला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे. असा संच आपल्याकडे दिवसाला साधारण बारा युनिट देतो, पावसाळ्यात कमी. गाडी रात्री चार्ज होते आणि सोलर दिवसा चालतो, पण नेट मीटरमुळे (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर) दोन्हींचा मेळ बसतो.

चौथी पायरी: जास्तीची किंमत किती किलोमीटरला फिटते?

बहुतेक लोक इथे फसतात, कारण फरक काढताना चुकीच्या दोन गाड्या शेजारी ठेवतात. स्ट्राँग हायब्रिड आणि इलेक्ट्रिक या ऑटोमॅटिकच असतात. त्यांची तुलना गिअरवाल्या पेट्रोलशी केली तर त्या फार महाग वाटतात, ऑटोमॅटिक पेट्रोलशी केली तर फरक एकदम उतरतो. तुम्हाला ऑटोमॅटिक हवीच आहे का, हे आधी ठरवा. सियागंज, जेल रोड, पाटणीपुऱ्याच्या कोंडीत रोज क्लच दाबून ज्याचा गुडघा दुखतो त्याचं उत्तर मला ठाऊक आहे.

दुसरी चूक जुनी एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स, विमा सोडून) धरण्याची. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला आहे. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा सीएनजी आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत आली. त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. इलेक्ट्रिकला ५ टक्केच राहिले. हायब्रिडला वेगळी मेहेरबानी नाही, तिला आकार आणि इंजिनानुसार १८ किंवा ४० लागतात. म्हणजे लहान गाड्यांत पेट्रोल गाडी स्वस्त होऊन इलेक्ट्रिकशी असलेलं अंतर वाढलं. जुने व्हिडिओ पाहून फरक काढू नका, चालू महिन्याचं ऑन-रोड कोटेशन घ्या.

आता भागाकार. जास्तीची किंमत भागिले किलोमीटरमागची बचत. पेट्रोलपेक्षा सीएनजी एक लाखाने महाग धरली तर बचत २ रुपये ८१ पैसे, म्हणजे साधारण ३६,००० किलोमीटरला पैसे फिटतात. डिझेल सव्वा लाखाने महाग, बचत १ रुपया ७२ पैसे: ७३,००० किलोमीटर, आणि डिझेलची महाग सर्व्हिस अजून धरलेलीच नाही. हायब्रिड ऑटोमॅटिक पेट्रोलपेक्षा दीड लाखाने महाग धरली तर ७४,००० किलोमीटर. इलेक्ट्रिक तीन लाखांनी महाग, बचत ५ रुपये ८० पैसे: सुमारे ५२,००० किलोमीटर.

काका वर्षाला पावणेचार हजार किलोमीटर फिरतात. त्यांना इलेक्ट्रिक फिटायला चौदा वर्षं लागतील. आत्येभाऊ वर्षाला १७,००० च्या आसपास, त्याची तीन वर्षांत फिटते.

कर्ज काढणार असाल तर ते तीन लाख नुसते तीन लाख राहत नाहीत. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज घेतलं तर त्या जास्तीच्या तीन लाखांचा हप्ता ६,२२८ रुपये होतो, म्हणजे सुमारे ७४,००० व्याज. उलट बाजूने पाहा: महिन्याला साधारण १,०७५ किलोमीटर चालली तर इंधनाची बचतच तो हप्ता भरते. त्यापेक्षा कमी चालली तर फरक खिशातून. कोणत्याही इलेक्ट्रिक गाडीपुढे उभं राहताना मी हा एक आकडा डोक्यात ठेवते.

शोरूममध्ये अजूनही कोणी सांगतं की इलेक्ट्रिकच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर सवलत मिळते. ते ८०ईईबी कलम. ते फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना लागू होतं. नवीन कर्जाला मिळत नाही.

डिझेल: माझी शिकवणी

१ एप्रिल २०२० ला धुरावरचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाडीची जातच बदलली. मारुतीने तर त्याच वेळी डिझेल सोडून दिलं. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी असते, ती धुरातली काजळी अडवते. जाळी भरत आली की गाडी जास्तीचं डिझेल जाळून तिथलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका वेगाने, न थांबता चालायला हवी. लोकमान्य नगर ते सियागंज या वाटेवर ते घडत नाही. जाळणं सुरू होतं तोवर पेढी येते आणि मी किल्ली काढते. अर्धवट राहिलेली जाळी पुढच्या वेळी आणखी भरलेली. वरून न जळलेलं डिझेल झिरपून इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी चक्क वाढते. मला आधी वाटलं, ऑइल वाढलं तर चांगलंच की.

उपाय असतो. दर दहा-बारा दिवसांनी देवगुराडियापासून राऊ सर्कलपर्यंत बायपासने गाडी सलग पळवायची. मी काही महिने केलं. गाडीला फिरवून आणायचं, कुत्र्यासारखं. काही डिझेल गाड्यांत वर अ‍ॅडब्लूही (धूर स्वच्छ करणारं द्रव) भरावं लागतं. ते संपत आलं की गाडी किलोमीटर मोजून इशारा देते आणि दुर्लक्ष केलं तर एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही.

तेव्हा डिझेल कोणाचं? ज्याच्या वहीत महिन्याला दीड हजारांहून जास्त किलोमीटर आहेत, त्यातले बहुतेक हायवेचे आहेत, आणि गाडी मोठी, भरलेली, घाट चढणारी आहे त्याचं. धुळे, खंडवा, बऱ्हाणपूर अशी आठवड्याची फिरती असणाऱ्याला आजही डिझेलसारखं सुख नाही. दहा वर्षांत डिझेल गाडी बाद होते अशी धास्ती पुष्कळांना असते. तो वाद दिल्ली आणि तिच्या आसपासच्या परिसराचा आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांनी फिटनेस तपासून नोंदणी वाढवून घेता येते. मात्र मुलगा नोएडा-गुडगावला असेल आणि पुढे गाडी त्याच्याकडे जाणार असेल तर विचार करा.

पेट्रोल आणि सीएनजी

पेट्रोलबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि तेच त्याचं मोठेपण. महिन्याला पाचशे किलोमीटरच्या आत असाल तर डोळे मिटून पेट्रोल घ्या, उरलेले पैसे एफडीत टाका. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. नवीन गाड्यांचे रबर-पाइप त्यासाठी बनवलेले असतात. जुनी गाडी घेताना ती एप्रिल २०२३ नंतरची असेल तर बरं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकीत पेट्रोल घालून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

सीएनजीला लोक उगीच रिक्षावाल्याचं इंधन समजतात. इंदूर, उज्जैन, पीथमपूर या पट्ट्यात गेल आणि हिंदुस्तान पेट्रोलियमची भागीदारी असलेल्या अवंतिका गॅसचे पंप आहेत. देवगुराडियाला आपल्याच ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला ५५० टन कचऱ्याची, आणि त्या गॅसवर सिटी बस धावतात. घरातला भाजीचा देठ बसला ओढतो, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

त्रास तीन. डिकी जाते. टाटाने २०२३ पासून दोन लहान सिलिंडर खाली बसवून जागा बरीच वाचवली, आणि काही कंपन्या आता त्या वाटेने गेल्या आहेत. चढावर दम कमी पडतो. भेरू घाटात चार माणसं आणि सामान घेऊन एसी लावाल तर कळेल. आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करून घ्यावी लागते. बाहेरून किट बसवू नका, कंपनीचीच घ्या. वॉरंटी आणि विमा दोन्हींचं डोकं शाबूत राहतं.

हायब्रिड: नाव एक, गाड्या दोन

मागे हायब्रिड लिहिलेली प्रत्येक गाडी हायब्रिड नसते. माइल्ड हायब्रिडमध्ये एक छोटी मोटर इंजिनाला नुसता हात देते. त्याने सिग्नलला थोडं इंधन वाचतं, बाकी ती पेट्रोल गाडीच. स्ट्राँग हायब्रिड इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर चालू शकते. ग्रँड विटारा आणि हायरायडरचे हायब्रिड प्रकार, होंडा सिटी ई:एचईव्ही, इनोव्हा हायक्रॉस या त्या जातीच्या. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: “इंजिन बंद ठेवून ही गाडी गल्लीतून बाहेर निघेल का?” सेल्समन घुटमळला तर ती माइल्ड आहे.

स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी इलेक्ट्रिक गाडीच्या मानाने चिमुकली असते, पाऊण युनिट ते दीड-दोन युनिटांची. ब्रेक लावताना आणि इंजिन चालताना ती आपोआप भरते, घरी काही लावावं लागत नाही. म्हणून ती कोंडीत सर्वांत चांगली चालते. पलासिया ते विजय नगर संध्याकाळी सात वाजता जिथे पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज दहावर येतं, तिथे हिचं वाढतं. हायवेवर शंभरच्या वेगाने मात्र तो फायदा बराच आटतो. तेव्हा फक्त हायवे असणाऱ्याने हायब्रिडला जादा पैसे देऊ नयेत. शहर भरपूर, लांबचा प्रवासही अधूनमधून, आणि चार्जिंगची जागा नाही, अशा घरासाठी ती बनलेली आहे. डिकी काही गाड्यांत बॅटरीमुळे लहान होते. आपली मोठी बॅग घेऊन जा आणि ठेवून बघा, संकोच कसला?

इलेक्ट्रिक आणि पुण्याचा प्रश्न

रेंजचा कॅटलॉगमधला आकडा प्रयोगशाळेतला असतो. त्याचे ६५ ते ७५ टक्के धरा. मे महिन्यात एसी लावून शंभरच्या वेगाने गेलात तर ६५. रोजच्या कामाला एवढं खूप झालं. पीथमपूरला जाऊन-येऊन ५० किलोमीटर करणारा आत्येभाऊ दोन-तीन दिवसांआड चार्जिंग लावतो.

अडतं ते पुण्याशी. इंदूरच्या मराठी घरात हा प्रश्न येणारच. “सगळं ठीक आहे, पण दिवाळीत पुण्याला कसं जायचं?” अंतर सहाशे किलोमीटरच्या घरात. मानपूरपुढे पठार संपतं आणि गणेश घाटातून रस्ता निमाडात उतरतो. तिथे मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरते, मन खूश होतं. परत येताना तोच चढ ती वीज व्याजासकट वसूल करतो. पुढे खलघाट, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, मनमाड. ४५ युनिटांची बॅटरी असेल तर वाटेत दोनदा, प्रत्येकी पाऊण-एक तास थांबावं लागेल. चार्जर ऐंशी टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरतो, शेवटचे वीस टक्के रेंगाळतात, त्यामुळे ऐंशीला निघणं शहाणपणाचं. बॅटरी वीस टक्क्यांवर येण्याआधी पोचता येईल असा चार्जर निवडा, त्याच्या पुढचा एक पर्याय हाताशी ठेवा, आणि दोन-तीन कंपन्यांचे अ‍ॅप घरूनच पैसे भरून ठेवा. दिवाळीच्या आदल्या दिवशी रांग असते.

आणि वर्षातून दोनदाच जायचं असेल तर सरळ भाड्याने गाडी घ्या, किंवा रेल्वे आहे, रात्रीच्या लक्झरी बस आहेत. दोन फेऱ्यांसाठी उरलेले ३५५ दिवस महाग इंधन जाळायचं, हे मला पटत नाही. पण घरात आजारी माणूस असेल, अपरात्री नाशिक-जळगावला निघावं लागत असेल, तर तुमचंच बरोबर. पेट्रोल किंवा हायब्रिडच ठेवा.

बॅटरीवर बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, आणि क्षमता किती टक्क्यांखाली उतरली तर बदलून देतात, हे पुस्तिकेत वाचा. बॅटरी भाड्याने घेऊन गाडी स्वस्तात मिळते अशा योजना २०२४ पासून आल्या आहेत. त्यात किलोमीटरमागचं भाडं विजेच्या खर्चात मिळवा आणि मगच पेट्रोलशी तुलना करा. दरमहा किमान किलोमीटरची अट आहे का तेही पाहा. सर्व्हिस स्वस्त पडते, ब्रेक पॅड जास्त टिकतात, पीयूसीची कटकट नाही. पण गाडी जड असल्याने टायर लवकर झिजतात, आणि किंमत जास्त म्हणून विम्याचा स्वतःच्या गाडीचा भाग महाग पडतो. थर्ड पार्टी हप्त्यात मात्र इलेक्ट्रिकला १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सूट २०२२ च्या नियमांपासून आहे. कोटेशनमध्ये ती दिली आहे का बघा.

शोरूममध्ये

कोटेशन लेखी आणि ओळवार मागा: एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, अ‍ॅक्सेसरी, वाढीव वॉरंटी. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची ओळ दिसली तर ती कशाची ते विचारा आणि काढायला लावा. विमा बाहेरून घेण्याचा हक्क तुमचा आहे. एक कोटेशन बाहेरून आणून दाखवलं की आतलाही खाली येतो.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गुळगुळीत रिंग रोडवर घेऊ नका. गाडी तुमच्या गल्लीत आणायला सांगा. जिथे लावणार तिथे लावून बघा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बसायला-उतरायला लावा.

जुनी इलेक्ट्रिक घेत असाल तर बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमधून, तुमच्यासमोर काढलेला हवा. जुनी डिझेल घेत असाल तर आधीच्या मालकाला एवढंच विचारा की तो रोज कुठे जायचा. मी विचारलं नव्हतं.

मग कोणी काय घेतलं

काकांनी लहान पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली. वय बहात्तर, महिन्याला ३१० किलोमीटर, पेट्रोलचा खर्च सव्वादोन हजारांच्या आत. इलेक्ट्रिक न घेतल्याची त्यांना अजून हुरहुर आहे. सोलरवाल्या आत्येभावाकडे गेले की त्याच्या गाडीत बसून “आवाजच नाही रे हिला” म्हणत राहतात. आत्येभावाचे गाडीचे महिन्याचे २३३ युनिट होतात, म्हणजे १,८७० रुपये. तेवढ्याच अंतराला पेट्रोलचे दहा हजार झाले असते. त्याचं सोलर हे युनिट भागवूनही घरासाठी थोडे उरवतं.

नणंद औषध कंपनीची फिरती करते, देवास, उज्जैन, धार, महिन्याला दोन हजार किलोमीटर. सोसायटीने चार्जिंग नाकारलं, डिकीत सॅम्पलचे खोके लागतात. तिने दोन सिलिंडरवाली सीएनजी घेतली. पंपावरची रांग सोडली तर तिची तक्रार नाही. रांगेत ती रिपोर्ट लिहिते.

आणि मी? आमच्या घरी कोंडी रोजची, पार्किंग रस्त्यावर, वर्षातून चारदा जळगाव. हायब्रिड घेतली. फिटायला वर्षं लागतील हे मला पैशापैशाने ठाऊक आहे, पण गुडघ्याचा रकाना वहीत कुठे घालायचा ते मला जमलेलं नाही.

ती डिझेल गाडी सेंधव्याच्या एका कापूस व्यापाऱ्याने घेतली. आठवड्याला धुळे, आठवड्याला इंदूर, गाडी थांबतच नाही. मागच्या महिन्यात आरसीच्या कुठल्याशा कागदासाठी त्यांचा फोन आला होता. मी न राहवून त्या पिवळ्या दिव्याचं विचारलं.

“कौन-सी बत्ती, दीदी?” ते म्हणाले.